वहीत 7.40 लिहिलंय, पण कुणाच्या घड्याळाचे 7.40?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या पेडण्याच्या घरातले आजोबा 81 पूर्ण करतायत, सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलंय, भटजींनी पत्रिका मागितली, आणि जुन्या वहीत एवढंच सापडलं की नोव्हेंबर 1944, सकाळी 7.40, मुलगा झाला. आता मोबाइलवरचं सॉफ्टवेअर विचारतंय टाइमझोन कुठला. तुम्ही विचारलंय, "आयएसटीच (भारतीय प्रमाणवेळ) टाकायचं ना? आणि ही स्टँडर्ड टाइमची भानगड आपल्याकडे नेमकी कधी सुरू झाली?"

आधी मी कोण ते सांगतो. म्हापशाच्या बाजारात आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, आधी बाबा बसायचे, आता 36 वर्षं झाली मी बसतो. ज्योतिषी नाही, पत्रिकेवर विश्वास किती ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा, पण जुनी वेळ आजच्या वेळेत कशी बसवायची हा प्रश्न घेऊन महिन्यातून एखादं तरी गिऱ्हाईक येतंच, बहुतेक वेळा भटजींनीच पाठवलेलं असतं, त्यामुळे त्यातला सराव झालाय.

तर नाही, डोळे झाकून आयएसटी टाकू नका. मी स्वतः टाकून फसलोय. माझ्या आत्याचा जन्म 1950 चा, इथलाच, तिची पत्रिका मीच एकदा हौसेने मोबाइलवर काढली आणि लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी रास, वृश्चिक आलं, घरातल्या पिवळ्या कागदावर मात्र आजोबांच्या वेळच्या जोशांनी धनु लिहिलेलं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की जोशीबुवा चुकले. आत्या काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. दोन दिवसांनी बाकावर एक घड्याळ उघडून बसलो होतो तेव्हा डोक्यात उजेड पडला, 1950 साली इथे पोर्तुगीजांचं राज्य, आयएसटी होतंच कुठे! अर्धा तास पुढे धरला आणि लग्न धनु आलं. जोशीबुवा बरोबर, मी घड्याळवाला असून चूक.

तेव्हा खरा प्रश्न टाइमझोनचा नाहीच. घड्याळ नुसतं मोजतं. वाजले किती हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं, मग तिथून पुढे ते मोजत जातं. म्हणजे वहीत 7.40 लिहिलं असेल तर विचारायचं ते हे, की ज्या घड्याळात बघून लिहिलं ते लावलं कुणी, आणि कशावरून? हे कळलं की बाकी नुसती बेरीज-वजाबाकी.

घड्याळ येण्याआधी आपल्याकडे हा गोंधळ नव्हता कारण सगळं सूर्योदयापासून मोजायचे. दिवस-रात्र मिळून 60 घटी, एका घटीची 60 पळं, म्हणजे घटी 24 मिनिटांची आणि पळ 24 सेकंदांचं. मोजायला घटिकापात्र, तांब्याची वाटी, बुडाला बारीक भोक, पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि बुडते, बुडाली की एक घटका भरली. लग्नात भटजी ठेवायचे ती हीच, आणि माणसाची "घटका भरली" म्हणतो तेही त्यातूनच. घटका भरली की काशाची थाळी वाजवायची, तिला तास म्हणायचे, आणि पुढे साहेबाचा अवर आला तेव्हा तोच शब्द त्याला चिकटला. घड्याळ हा शब्दही घडीतलाच. गंमत म्हणजे आमच्या कोकणीत तास आलाच नाही, आम्ही "कितलीं वरां जालीं?" विचारतो, ते वर म्हणजे पोर्तुगीजांचं ओरा. दोन शेजारच्या भाषा आणि तासाला शब्द दोन वेगळ्या घरांतून आलेले.

ह्या घटी-पळांत एक गोष्ट लपलीय ती तुमच्या कामाची आहे, पुढे सांगतो. आधी घड्याळाचं.

लंबकाचं घड्याळ 1656 मध्ये हॉलंडच्या ह्युजेन्सने केलं, त्याआधीची यांत्रिक घड्याळं दिवसाला पाव-पाव तास इकडेतिकडे व्हायची, लंबक आला आणि काम सेकंदांवर आलं. पण लंबकाचं एक दुखणं आहे जे आम्हा मेकॅनिकांना हातात कळतं. रिशेर नावाचा फ्रेंच माणूस 1672 मध्ये पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत कायेनला गेला, विषुववृत्ताजवळ, आणि तिथे त्याचं चांगलं लावलेलं घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. घड्याळ बिघडलं नव्हतं, विषुववृत्ताकडे पृथ्वीची ओढच थोडी कमी, म्हणून लंबक सावकाश हलतो. तसंच लिस्बनमध्ये बरोबर लावलेलं घड्याळ गोव्यात आणून भिंतीवर टांगलं तर रोज साधारण सव्वा मिनिट मागे पडणार, लंडनचं असेल तर दोन मिनिटं. लोलकाखाली चकतीसारखा छोटा नट असतो, तो फिरवून लोलक किंचित वर घ्यायचा. एका सेकंदाला एक झोका घेणारा लंबक साधारण 99 सेंटीमीटरचा, त्यात एका मिलिमीटरचा फरक केला की दिवसाला 43 सेकंदांचा फरक पडतो. नट अर्धा फेरा फिरवायचा, चोवीस तास थांबायचं, बघायचं, परत अर्धा. लोकांना वाटतं घड्याळजी मुद्दाम आठवडा लावतो.

आणि गोव्याची हवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पितळेवर हिरवं चढतं, तेल घट्ट होऊन मधासारखं ओढतं, कमानीला गंज. घरोघरी जी भिंतीवरची घड्याळं होती, अमेरिकन अँसोनिया म्हणा, जर्मन युंगहान्स म्हणा, ती पावसाळ्यात आठवड्याला पाच-दहा मिनिटं सहज चुकायची. एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरातलं अँसोनिया मी उघडलं तर मागच्या पितळी पत्र्यावर सुईच्या टोकाने ओरखडलेल्या तारखा, एकाखाली एक, आधीच्या मेकॅनिकांच्या, आणि शेवटचं अक्षर बाबांचं. आम्ही दुरुस्ती केली की अशी खूण करून ठेवतो. तर दोन खुणांमध्ये सात-सात आठ-आठ वर्षं! तेवढा काळ ते घड्याळ घरातल्या कुणीतरी अंदाजाने काटा फिरवून चालवलेलं होतं.

मग काटा फिरवायचा तो कशावर बघून? गावात दोन-तीन मार्ग. एक म्हणजे चर्चची घंटा, ती सकाळ-दुपार-संध्याकाळ व्हायचीच आणि हिंदू घरंही तिच्यावरच चालायची. पणजीच्या चर्चची मोठी घंटा 1871 साली टांगली, मूळची ती जुन्या गोव्याच्या सांत आगुस्तीनची, मधली वर्षं आग्वादच्या दीपगृहावर होती, म्हणजे ही घंटाच तीन घरं फिरलेली. दुसरा मार्ग तारऑफिस किंवा रेल्वे स्टेशन, जवळ असेल त्यांना. आणि तिसरा, सगळ्यात जुना, ऊन. सावली उंबऱ्याला लागली की बारा.

उन्हाचं जरा खोलात सांगतो कारण इथेच आकडे येतात. पणजी पूर्व रेखांशाच्या 73 अंश 50 कलांवर (60 कला म्हणजे एक अंश). पृथ्वी 4 मिनिटांत एक अंश फिरते, तेव्हा इथली स्वतःची वेळ ग्रीनिचच्या 4 तास 55 मिनिटं आणि वर काही सेकंद पुढे. आयएसटीचा रेखांश 82 अंश 30 कला, तो जातो मिर्झापूरजवळून, अलाहाबादच्या बाजूला, म्हणून आयएसटी साडेपाच तास. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या सूर्यापेक्षा आपलं आजचं घड्याळ जवळजवळ 35 मिनिटं पुढे आहे, कायमचं. विश्वास नसेल तर अंगणात सरळ काठी रोवा, सावली सगळ्यात आखूड कधी होते बघा. बाराला नाही होणार, सरासरी 12.35 ला होईल. सरासरी म्हणतो कारण सूर्यही वर्षभर एकसारखा चालत नाही, फेब्रुवारीच्या मध्याला तो 12.49 ला डोक्यावर येतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.18 लाच. म्हणून उन्हावर लावलेलं घड्याळ म्हणजे त्यात हाही अर्ध्या तासाचा झोका आला. (गोव्यात दुकानं दुपारी एकला बंद होतात त्याला लोक आळस म्हणतात, पण सूर्याच्या हिशेबात तेव्हा सरासरी साडेबारासुद्धा झालेले नसतात, म्हणजे आम्ही उलट लवकरच जेवायला जातो. असो.)

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, एकच वेळ कधी ठरली. प्रत्येक गावाची स्वतःची वेळ असणं हे हजारो वर्षं कुणाला खुपलं नाही कारण एका गावातून दुसऱ्या गावात घड्याळापेक्षा वेगात कुणी पोचतच नव्हतं. खुपायला लागलं रेल्वे आणि तार आल्यावर. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने 1840 मध्ये आपल्या सगळ्या स्टेशनांवर लंडनची वेळ लावली, कायदा यायला मात्र 1880 उजाडलं, म्हणजे चाळीस वर्षं स्टेशनावर एक वेळ आणि गावात दुसरी. अमेरिकेत 18 नोव्हेंबर 1883 ला रेल्वे कंपन्यांनी आपल्या आपण झोन पाडून घेतले, सरकारला विचारलंही नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1884 मध्ये वॉशिंग्टनला 25 देशांची परिषद भरली आणि शून्य रेखांश ग्रीनिचचा ठरला. फ्रेंच लोक रुसले, आणि 1911 मध्ये कायदा केला तोही असा की फ्रान्सची वेळ म्हणजे पॅरिसची वेळ वजा 9 मिनिटं 21 सेकंद. ग्रीनिच हे नाव घ्यायचं नाही, वेळ मात्र तीच! मला हा कायदा फार आवडतो, आपल्याकडच्या भाऊबंदकीतला वाटतो.

ब्रिटिश हिंदुस्थानात मुंबईची वेळ ग्रीनिचच्या 4 तास 51 मिनिटं पुढे, कलकत्त्याची 5 तास 53 मिनिटं, आणि रेल्वे दोन्ही सोडून मद्रास टाइमवर चालायची, 5 तास 21 मिनिटं, कारण तो दोघांच्या मध्ये पडायचा आणि मद्रासला वेधशाळा होती. मुरगावहून कॅसलरॉकची रेल्वे 1888 मध्ये सुरू झाली तेव्हा पलीकडे हा असा कारभार होता. 1 जानेवारी 1906 पासून आयएसटी आलं. पण मुंबईने ते मनावर घेतलं नाही, 39 मिनिटं पुढे जायचं म्हणजे गिरणीवाल्याला अंधारात उठवायचं असं लोकांना वाटलं, आणि तो सरकारी हुकूम आहे एवढं कारणही त्या दिवसांत पुरेसं होतं. मुंबई टाइम शहरात 1955 पर्यंत टिकला. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा 1955 च्या आधी गिरगावात जन्मले असतील तर ही 39 मिनिटं लक्षात ठेवा, तिथेही हाच घोळ आहे.

आणि आता गोवा. इथे आयएसटीचा संबंधच नव्हता कारण राज्य वेगळं. पोर्तुगालने स्वतःची लिस्बन वेळ, जी ग्रीनिचच्या 36 मिनिटं 45 सेकंद मागे होती, ती सोडून ग्रीनिच धरायचं फर्मान मे 1911 मध्ये काढलं, प्रजासत्ताक येऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. ते 1 जानेवारी 1912 पासून लागू. त्यात वसाहतींनाही पूर्ण पूर्ण तास वाटून दिले, अंगोलाला 1, मोझांबिकला 2, मकाव आणि तिमोरला 8, आणि आपल्या इंडिया पोर्तुगेझाला 5. बघा, आपली सूर्याची वेळ 4.55, त्यांनी दिली 5. खरं सांगायचं तर सूर्याच्या दृष्टीने आजच्यापेक्षा ती वेळ आपल्याला जास्त बरोबर बसायची. म्हणून सीमेवरच्या पात्रादेवीच्या अलीकडे आठ वाजले की पलीकडे साडेआठ. 1961 च्या गोवा मुक्तीनंतर आयएसटी आलं तेव्हा बाबा विशीत होते, ते सांगायचे की लोक घड्याळं उचलून दुकानात आणायचे, अर्धा तास पुढे करून द्या म्हणून, आणि टोल्यांची घड्याळं घरी कुणी नुसता काटा मागे ओढून बिघडवलेली असायची. टोल्यांच्या घड्याळाचा काटा मागे फिरवायचा नसतो, पुढेच न्यायचा आणि प्रत्येक टोल्याला थांबून ते वाजू द्यायचं. हे आजही सांगतो, आजही कुणी ऐकत नाही.

आता खरा घोळ. तुम्ही लिहिलंय आजोबा पेडण्याचे. पण जन्म कुठे झाला? पहिलं-दुसरं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि पेडण्याच्या किती घरांतल्या सुना बांदा, सावंतवाडी, आरोंद्याकडच्या! तुमच्या पणजीचं माहेर सीमेपलीकडचं असेल तर हिशेब पूर्ण बदलतो, कारण 1944 म्हणजे लढाईचा, दुसऱ्या महायुद्धाचा काळ. ब्रिटिश हिंदुस्थानात 1 सप्टेंबर 1942 पासून 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत घड्याळं एक तास पुढे केलेली होती, म्हणजे ग्रीनिचच्या साडेसहा तास पुढे. दिवसाचा उजेड जास्त वापरायचा म्हणून. सीमेच्या एका बाजूला 5 आणि दुसऱ्या बाजूला साडेसहा, तेरेखोल नदी ओलांडली की दीड तासाचा फरक! माझी आजी सांगायची की त्या वर्षांत लोक "नव्या टायमाने की जुन्या टायमाने" असं विचारूनच वेळ ठरवायचे. सावंतवाडी संस्थान असलं तरी तारऑफिसचं घड्याळ सरकारचंच. पण देवळात, शेतात, घरात किती जणांनी तो नवा टाइम मानला ते घराघरावर होतं.

मग तुमचे 7.40 आजच्या आयएसटीत काय होतात ते मांडून बघू. गोव्याच्या सरकारी वेळेचे असतील तर 8.10. घड्याळ उन्हावर लावलेलं असेल तर सरासरी धरून 8.15 च्या आसपास, आणि नोव्हेंबरात ताजं ताजं लावलेलं असेल तर आठच्याही आत. जन्म सावंतवाडीकडचा आणि घड्याळ लढाईच्या टायमावर असेल तर 6.40. तिकडचाच पण "जुन्या टायमाचं" घड्याळ असेल तर 7.40 ते 7.40. म्हणजे एकाच आकड्याचे चार अर्थ आणि टोकाटोकांत दीड तासाहून जास्त अंतर.

ह्याने पत्रिकेत किती फरक पडतो ते तुम्हाला पत्रिका कशाला हवी त्यावर आहे. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं, चार मिनिटांना एक अंश, तेव्हा अर्ध्या तासात सात-साडेसात अंश सरकलं आणि दीड तासात तर बहुतेक वेळा रासच बदलली. पण चंद्र सावकाश, दिवसाला 13 अंश, दीड तासात एक अंशही नाही. तिथीही सरासरी 23 तास 37 मिनिटांची. तेव्हा तुमच्या भटजींना शांतीच्या संकल्पासाठी फक्त तिथी, नक्षत्र आणि रास हवी असेल तर सातातून एखाद्या वेळीच अडेल. चारही वेळा टाकून बघा, चारीकडे नक्षत्र आणि तिथी तीच आली तर विषय संपला, डोकं शिणवायची गरज नाही. लग्नकुंडली हवी असेल तर मात्र पुढचं वाचा.

वर म्हटलं होतं घटी-पळांत एक गोष्ट लपलीय. वहीत 7.40 लिहिणारा घरातला कुणीतरी शिकलेला माणूस असणार. पण त्या काळी बारशाच्या आत जोशांकडे जाऊन टिपण करून आणायचेच, आणि जोशी वाजले किती ते नाही लिहायचे, ते लिहायचे सूर्योदयापासून गेलेल्या घटी आणि पळं, इष्टघटी म्हणतात ती. तो कागद शोधा. देव्हाऱ्याच्या खणात, जुन्या पंचांगाच्या पानांत, तांब्याच्या नळीत गुंडाळलेला, कुठेही असेल. कारण सूर्याने लिस्बनचं फर्मान वाचलेलं नाही आणि लढाईचा टाइमही त्याला लागू नाही.

एक उदाहरण देतो, असंच एक गिऱ्हाईक आलं होतं, जन्म नोव्हेंबरच्या मध्याचाच, डिचोलीकडचा, 1940 च्या दशकातला. घरच्या वहीत वेळ होती आणि जोशांच्या चिठ्ठीवर मोडीत लिहिलेलं, घटी 3 पळं 50. आता 3 घटी म्हणजे 72 मिनिटं, 50 पळं म्हणजे 20 मिनिटं, एकूण 92. नोव्हेंबरच्या मध्याला उत्तर गोव्यात सूर्य आयएसटीने साधारण 6.37 ला उगवतो, हे दरवर्षी तेच, आज बघितलंत तरी तेच. त्यात 92 मिळवले की 8.09. आणि वहीत लिहिलेलं 7.40! बरोब्बर अर्ध्या तासाचं अंतर, म्हणजे वही पोर्तुगीज टायमाची, शंकाच नाही. एका चिठ्ठीने काम झालं. तुमच्याकडे 7.40 बरोबर घटी 3 पळं 50 च्या आसपास निघालं तर जन्म गोव्यातला आणि घड्याळ सरकारी. फक्त काही पळं निघाली, म्हणजे सूर्य नुकताच उगवलेला, तर लढाईचा टाइम. अडीच-पावणेतीन घटी निघाल्या तर आयएसटी.

इथे एक खोच आहे. जोशांनी घटी काढल्या कशा? वेळ घड्याळातच बघितली आणि पंचांगातला सूर्योदय वजा केला, आणि पंचांग छापलेलं असायचं मुंबईचं किंवा पुण्याचं. नोव्हेंबरात मुंबईला सूर्य आपल्यापेक्षा काही मिनिटं उशिरा उगवतो. तेव्हा दहा-वीस पळांचा फरक आला तर घाबरू नका, तो पंचांगाचा. अर्धा-पाऊण घटीच्या वरचा आला तर परत तपासा.

चिठ्ठी नाहीच मिळाली तर दुसरा धागा म्हणजे जन्मनोंद. गोव्यात पोर्तुगीज काळात सिव्हिल नोंदणी सक्तीची होती आणि त्या जुन्या नोंदीत बऱ्याचदा जन्माची वेळही लिहिलेली सापडते, शब्दांत, "सात वाजता" वगैरे पोर्तुगीजमध्ये. सिव्हिल रजिस्ट्रारकडून पूर्ण उतारा मागा, छोटा दाखला नको, छोट्यात वेळ येत नाही. पण ती नोंद करायला जो कुणी गेला त्याने आठवून सांगितलेलं असतं, कधी कधी महिन्यांनंतर, म्हणून वेळेपेक्षा मी त्यातलं जन्मठिकाण आधी बघतो. गाव पेडणे तालुक्यातलं लिहिलं असेल तर सावंतवाडीचा प्रश्न मिटला. नोंदच नसेल तर उलट संशय वाढतो, की जन्म पलीकडचा.

आणि एक व्यवहारातली गोष्ट. 7.40 हा आकडा गोल आहे. सुईण आत, घड्याळ बाहेर पडवीवर, बाळ रडलं की कुणीतरी बाहेर ओरडून सांगणार, मग आजोबा उठून चष्मा लावून घड्याळाकडे जाणार. ह्यात पाच-सात मिनिटं गेलीच आणि लिहिताना जवळच्या पाचावर आणून लिहिलं. म्हणून 8.10 की 8.15 ह्यावर वाद घालू नका, तेवढी बारीक वेळ त्या वहीत नाहीच. अर्धा तास आणि एक तास हे फरक खरे, पाच मिनिटांचे फरक आपल्या मनाचे. सॉफ्टवेअर सेकंद विचारतं म्हणून लोक 7.40.00 टाकतात, मला हसू येतं.

सेकंदांचं म्हणाल तर ते फार अलीकडचं सुख आहे. क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ 1969 च्या नाताळात सेकोने आणलं, आजच्या अशा घड्याळात स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो, आणि आमच्या धंद्याचं कंबरडं तिथे मोडलं, आता निम्मं काम बॅटरी बदलायचं. त्याच्या आधीच, 1967 मध्ये, सेकंदाची व्याख्याच सूर्यावरून काढून सिझियमच्या अणूवर नेली होती. पृथ्वी मात्र तेवढी शिस्तीची नाही म्हणून 1972 पासून अधूनमधून एक सेकंद वाढवतात, आतापर्यंत 27 वेळा, शेवटचा 2016 च्या अखेरीला, आपल्याकडे तो 1 जानेवारी 2017 च्या पहाटे साडेपाचच्या ठोक्याआधी आला. आता तो प्रकारही 2035 पर्यंत थांबवायचं ठरलंय. आयएसटी आज दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली अणुघड्याळं सांभाळतात आणि तुमचा मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेतो, काटा फिरवायचं काम कुणालाच उरलेलं नाही. म्हणूनच तर "कुणाचं घड्याळ" हा प्रश्न आता कुणाला सुचत नाही.

तेव्हा थोडक्यात क्रम असा धरा: आधी पणजीचं माहेर कुठलं आणि जन्म कुठे झाला ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, मग जोशांची चिठ्ठी शोधा, मग उतारा काढा, आणि काहीच नाही मिळालं व जन्म गोव्यातला हे पक्कं असेल तर सॉफ्टवेअरमध्ये झोन ग्रीनिच अधिक 5 टाका. काही सॉफ्टवेअरं भारतातलं गाव निवडलं की गुपचूप साडेपाच धरतात, आणि काही हुशार असतात ती 1944 बघून लढाईचा तासही स्वतःच लावतात, गोव्याला सुद्धा. तसं असेल तर गाव निवडू नका, अक्षांश-रेखांश आणि झोन हाताने भरा. नाहीच जमलं तर आयएसटी करून 8.10 टाका आणि सूर्योदय 6.37 च्या आसपास दाखवतोय ना ते बघा, 7.37 दाखवला तर त्याने तास घुसडलाय.

वहीच्या त्या पानाचा फोटो टाकाल का, मागची बाजूसुद्धा. लोक वेळ पुढे लिहितात आणि घटी मागे, शाई फुटून उलटी दिसते पण वाचता येते. मोडी मला थोडी लागते, नाही लागली तर शेजारचे एक गुरुजी आहेत. मी एकपर्यंत दुकानात असतो, मग चारनंतर.